चौथी यादी
(द्वितीय वर्ष, कला)

वाईला पाहुणा आला तर त्याला काय काय दाखवायचे, हे इथले शेंबडे पोरही धडाधडा सांगेल. कृष्णेचे सात घाट. रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलेला ढोल्या गणपती आणि पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून मत्स्याकार घडवलेली त्या देवळाची मागची भिंत. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा आणि तिथल्या घाटावरची, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली पोर्तुगीज घंटा. धोमचे धरण आणि नरसिंहाचे देऊळ. ही झाली पहिली यादी.

अलीकडच्या पाहुण्याला हिच्याहून निराळी, दुसरी यादी हवी असते. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) या चित्रपटांचे चित्रण इथे कुठे कुठे झाले, ते त्याला पाहायचे असते. गंमत अशी, की या चित्रपटांच्या पडद्यावर वाई ही वाई नसतेच. कधी ती बिहारमधले गाव होते, कधी उत्तर प्रदेशातले. घाट आपले, वाडा आपला, पण पाटीवर नाव भलतेच!

तिसरी यादी विद्वानांची. १९१६ साली इथे प्राज्ञपाठशाळा निघाली. विनोबा संस्कृत शिकायला याच गावी येऊन राहिले. खानदेशातल्या पिंपळनेरचे लक्ष्मणशास्त्री जोशी लहान वयात इथे शिकायला आले आणि पुढे तर्कतीर्थ म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. मराठी विश्वकोशाचे काम त्यांच्या संपादनाखाली याच गावात चालले आणि १९७६ मध्ये त्याचा पहिला खंड बाहेर पडला. ‘दक्षिण काशी’ हे बिरुद वाईला घाटांमुळे मिळाले की विद्येमुळे, यावर वाद घालायला आपल्याकडे माणसे तयारच असतात.

या तिन्ही याद्या खऱ्या आहेत आणि मला त्यांचा अभिमानच आहे. पण आणखी एक यादी आहे, जी कोणत्याही फलकावर नाही, कोणत्याही माहितीपत्रकात नाही. रोज सकाळी खोऱ्याखोऱ्यांतून एस.टी.ने येऊन संध्याकाळी परत जाणाऱ्या विद्यार्थ्याला जिच्यावाचून या गावात एक दिवस काढता येत नाही, ती ही चौथी यादी. स्वस्त जेवण कुठे मिळते? वापरलेली पुस्तके निम्म्या किमतीत कोण देतो? शिष्यवृत्तीचा अर्ज न चुकता कोण भरून देतो? दुपारी दोन ते साडेपाच मुलीने कुठे बसायचे? पैसे संपले तर महिनाअखेरपर्यंत कोण थांबतो? ही यादी छापलेली नसल्यामुळे आपल्यातले काही जण पहिल्या वर्षातच गळतात, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कोणी म्हणेल, यात छापण्यासारखे काय आहे? चार दिवस गावात फिरले की सगळे कळते. ज्याच्या घरी आधी कोणी कॉलेजात गेलेले आहे, त्याच्या बाबतीत हे खरे आहे. त्याला थोरला भाऊ सांगतो, की अमुक विषयाला गाईड घेऊ नकोस, ग्रंथालयातले तमुक पुस्तक आधी लाव. आई सांगते, बोनाफाईडच्या दोन प्रती काढून ठेव. चुलता ओळखीच्या खानावळीत नेऊन बसवतो. त्याची चौथी यादी घरातच तयार असते आणि ती यादी आहे हे त्याच्या ध्यानातही येत नाही, जशी वाहत्या नळाच्या घरातल्या माणसाला विहीर आठवत नाही. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. माझ्यासारख्यांची संख्या आपल्या वर्गांत थोडीथोडकी नाही. आमच्या घरी माया भरपूर आहे, पण ही माहिती नाही. ‘बोनाफाईड’ हा शब्द आमच्या आईवडिलांना म्हणताही येत नाही. मग आम्हांला शिकवते कोण? गावातली दुकाने शिकवतात. झेरॉक्सवाले दादा, खानावळीतल्या मावशी, गाडीतले कंडक्टर काका हे आमचे बिनपगारी मार्गदर्शक आहेत. प्राध्यापकांचा योग्य तो मान राखून मी म्हणते, की पहिल्या सहा महिन्यांत कॉलेजात टिकवून धरण्याचे काम त्यांनीच अधिक केले.

आता एकेक सोय घेऊन पाहू.

पहिली सोय एस.टी.ची. १ जून १९४८ ला एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यानंतर ती डोंगरकपारीतल्या गावांपर्यंत जसजशी पोहोचली, तसतशी त्या गावांतली मुले शाळा-कॉलेजांत पोहोचली. खेड्यातल्या मुलीसाठी एस.टी. ही नुसती गाडी नाही. आईबापांनी मुलीला ज्या वाहनात एकटीने बसू द्यावे, असे ते एकच वाहन आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एस.टी.चा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा हे नीट कळले. मुलगे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जात. मुली घरी बसत. गाडी बंद म्हणजे मुलीचे शिक्षण बंद, असा तो सरळ हिशोब होता.

या सोयीत एक मेख आहे. पाचवीपासून बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. बारावी झाली की तो बंद होतो. पुढे इतर विद्यार्थ्यांप्रमाणे ६६.६७ टक्के सवलतीचा मासिक पास, म्हणजे तिकिटाचा एक-तृतीयांश भाग आपल्या खिशातून. १७ मार्च २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे हे खरे, पण रोज जाणाऱ्या-येणाऱ्या मुलीला पासच परवडतो. रक्कम मोठी नाही, असे शहरातल्या माणसाला वाटेल. पण वेळ पाहा. बारावीनंतरच घरात ‘आता पुरे झाले शिक्षण’ हा विषय निघतो. त्याच महिन्यात रस्ता तोच, गाडी तीच, बाकडे तेच, आणि पास मात्र विकत! नको म्हणायला निमित्त शोधणाऱ्याला ते आयते मिळते. सवलतीचा पास कसा काढायचा, त्याला कोणती कागदपत्रे लागतात, हे जूनच्या पहिल्या आठवड्यात माहीत असलेली मुलगी घरी हिशोब मांडू शकते. माहीत नसलेली मुलगी रोजच्या तिकिटाचा हिशोब मांडते आणि हरते. पास शाळा-महाविद्यालयांतच देण्याची मोहीम २०२५ च्या जूनमध्ये एस.टी.ने राबवली, ही चांगली गोष्ट झाली. ती पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थिनीच्या कानावर जायला हवी.

दुसरी सोय म्हणजे बसायची जागा. हिला कोणी सोय समजत नाही. तास संपतात दुपारी, आणि खोऱ्यातली गाडी असते त्यानंतर दोन-तीन तासांनी. मधला वेळ मुलगे चहाच्या टपरीवर, पानपट्टीच्या बाकावर, कोणाच्याही ओट्यावर काढतात. मुलींनी काय करायचे? हॉटेलात बसायचे तर काहीतरी मागवावे लागते, आणि एक चहा संपवायला एक तास लावला की पोऱ्या फडके घेऊन टेबलाभोवती घिरट्या घालू लागतो. राहिला घाट. पाहुण्यांच्या यादीत घाट पहिला. सावली आहे, वारा आहे, समोर नदी आहे. पाहुणा येतो, पायरीवर बसतो, फोटो काढतो, तृप्त होऊन जातो. पण त्याच पायरीवर आमच्यातली एक मुलगी वही उघडून बसली, तर ती गावाला अभ्यास करताना दिसत नाही. ती नुसती ‘बसलेली’ दिसते. आणि कोणी बघितले नाही असे लहान गावात कधी होत नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी तिच्या आधी तो निरोप पोहोचला, ‘तुमची पोर घाटावर बसलेली दिसली.’ निरोप देणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. ती दिवाळीनंतर कॉलेजात आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत गेल्या आणि मग नावच गेले. पटावर कारण लिहायला रकाना नसतो. असता, तरी त्यात कदाचित ‘अभ्यासात रस नाही’ असेच पडले असते. खरे कारण इतकेच होते, की दोन ते साडेपाच बसायला जागा नव्हती.

बसायच्या जागेबरोबरच आणखी एक गोष्ट येते. ती लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिते. तालुक्याच्या कोणत्याही गावात बाजारपेठेत फिरा आणि स्त्रियांसाठी स्वच्छ, पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह शोधा. ते चटकन सापडले तर त्या गावाचे नशीब थोर! ते नसले तर मुली काय करतात? सकाळपासून पाणी पीत नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा पीत नाहीत. कोणत्या दुकानाच्या मागे, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या कार्यालयात विचारले तर नाही म्हणत नाहीत, ही माहिती मुली एकमेकींना कुजबुजून देतात. चौथ्या यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा रकाना आहे आणि तो कुजबुजीतच राहिला आहे.

तिसरी सोय अर्ज भरण्याची. पूर्वी अर्ज कागदाचा असे आणि कॉलेजच्या खिडकीत द्यायचा असे. आता महाडीबीटीच्या संकेतस्थळावर तो संगणकातून भरायचा असतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो, ज्याला लागू असेल त्याला जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर लागते, आधारशी जोडलेले बँकेचे खाते लागते. यातला एक धागा तुटला की वर्षाची शिष्यवृत्ती अडकते. आमच्या खोऱ्यातल्या एका मुलाचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर एका तऱ्हेने आणि आधारकार्डावर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले होते. फरक एका अक्षराचा. हे कोणाच्या लक्षात आले? अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या दादाच्या. त्याने विचारले, “सर्टिफिकेटवर काय हाय? तेच समदीकडं पायजे. आधी आधार दुरुस्त करून ये, मग अर्ज भरू.” त्याने त्या दिवशी एक पैसाही घेतला नाही, कारण अर्ज भरलाच नव्हता. पण त्याने त्या मुलाचे एक वर्ष वाचवले. तो दादा स्वतः बारावी नापास आहे, हे त्यानेच हसत हसत सांगितले.

सगळीच दुकाने अशी नसतात. गरजू माणूस भांबावलेला दिसला की दाम दुप्पट सांगणारेही असतात, आणि ‘दाखला उद्या’ म्हणून आठ खेपा घालायला लावणारेही. आमच्या वडिलांच्या पिढीला वाटते, की सरकारी कागद मिळणे ही समोरच्याची मेहरबानी आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा झाला. त्यानुसार कोणती सेवा किती दिवसांत आणि किती शुल्कात मिळेल, याचा फलक लावायचा असतो. मुदतीत दाखला मिळाला नाही तर अपील करता येते. राज्यशास्त्राच्या तासाला आपण मूलभूत हक्क पाठ करतो, त्यावर टीपा लिहितो आणि गुण मिळवतो. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलो, की त्या हक्कांतला एकही आपल्याला आठवत नाही. पुस्तकातला हक्क आणि खिडकीवरचा हक्क एकच आहे, हे कोणीतरी जोडून दाखवायला हवे.

चौथी सोय जेवणाची. इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण विद्येच्या गावांनी जेवणाचा प्रश्न फार पूर्वीच ओळखला होता. जुन्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ही चौथी यादीच होती आणि ती गावाने स्वतः चालवली होती. पण ती एका समाजातल्या मुलांपुरतीच होती. कुणब्याच्या, महाराच्या, धनगराच्या पोराला कोणत्या घरी वार मिळणार? म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करायला सुरुवात केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये आपल्या साताऱ्याला सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. तिच्यात एक व्यवहार दडलेला आहे, तो मात्र ऐकून सोडून देतो. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले १९४७ मध्ये, म्हणजे वसतिगृहानंतर तब्बल तेवीस वर्षांनी. आधी चूल पेटली, मग कॉलेज उघडले. भाकरी आणि निवारा यांची तजवीज झाल्यावाचून बहुजनांचे पोर वर्गापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘कमवा आणि शिका’ ही योजनाही त्याच हिशोबातून आली.

आज आपल्याकडे वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. पण रोज येऊन-जाऊन शिकणाऱ्यासाठी कोणी चूल पेटवलेली नाही. तो पहाटे घरून निघतो. डबा असला तर बरा, नसला तर वडापाववर दिवस काढतो. अशा वेळी एखादी मावशी अर्धे ताट देते: दोन चपात्या, एक भाजी, पैसे अर्धे. फलकावर अर्धे ताट लिहिलेले नसते. ते विचारावे लागते, आणि विचारायची लाज वाटते. एकदा मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “अगं पोरी, लाजतीस कशाला? माझी ल्योक बी असंच जेवून शिकली.” त्या दिवशी मला जे कळले ते मी वर्गातल्या चौघींना सांगितले. पण माझ्या वर्गाबाहेर असलेल्या, कोणाशी न बोलणाऱ्या, पहिल्याच महिन्यात बावरलेल्या मुलीला ते कोण सांगणार?

आता आक्षेपांचा विचार करू. वादविवाद स्पर्धेत आपण तो करतोच.

पहिला आक्षेप गुरुजनांकडून येतो, आणि तो प्रेमापोटी येतो. ते म्हणतात, ‘ज्याला शिकायचे आहे तो रस्त्यावरच्या दिव्याखालीही शिकतो.’ दिव्याखाली शिकून मोठ्या झालेल्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्या गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत, कारण ती माणसे मोठी झाली. त्याच दिव्याखाली बसून ज्यांचे डोळे शिणले आणि जे उठून घरी गेले, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. शिवाय दिव्याखाली रात्री अकराला मुलगाच बसू शकतो, एवढे तरी मान्य व्हावे.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. ‘आम्ही दुकान मांडले आहे, धर्मादाय नाही.’ अगदी रास्त! मी दान मागत नाही. मी गिऱ्हाईक म्हणून बोलते आहे. पाहुणा येतो शनिवारी-रविवारी आणि त्याचे मन पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला जाण्याकडे लागलेले असते. आम्ही सोमवारपासून येतो, पावसाळ्यात भिजत येतो, परीक्षेच्या दिवसांत उपाशी येतो. वह्या, झेरॉक्स, रिचार्ज, चहा, पंक्चर, चपलेचा अंगठा, औषधाची गोळी, सगळे आम्ही इथेच घेतो. एकाची खरेदी किरकोळ असेल, शेकडोंची किरकोळ नसते. उन्हाळ्याच्या सुट्टीत या दुकानांच्या बाकड्यांवर किती शुकशुकाट असतो ते दुकानदारांनाच विचारा. पाहुण्यांसाठी फलक रंगवणाऱ्या गावाने रोजच्या गिऱ्हाइकासाठी एक बाकडे आणि एक पाण्याचा माठ ठेवला, तर त्यात त्याचाच फायदा आहे. आणि दुपारचे तीन तास एखाद्या पुस्तकाच्या किंवा औषधाच्या दुकानात विद्यार्थ्याला काम मिळाले, तर कमवा आणि शिका ही योजना कॉलेजच्या आवाराबाहेरही चालू लागेल.

तिसरा आक्षेप आपल्याच मित्रांचा. ‘मोबाइलमध्ये सगळे आहे, विचार आणि उत्तर घे.’ मोबाइलमध्ये पुष्कळ आहे, हे मीही मानते. अख्खा विश्वकोश आता त्यात मोफत वाचता येतो, ही लहान गोष्ट नाही. पण मोबाइलला मावशींचे अर्धे ताट माहीत नाही. आमच्या बाजूची गाडी पावसात कुठल्या फाट्यावरून मागे फिरते, ते त्याला माहीत नाही. तो महिनाअखेरपर्यंत उधारीवर थांबत नाही. आणि मुख्य म्हणजे काय विचारायचे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला मोबाइल काय उत्तर देणार? पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच असते. त्याच्याजवळ उत्तरे नसतात हे खरे, पण त्याआधी त्याच्याजवळ प्रश्नच नसतात.

नुसती टीका करून लेख संपवणे सोपे असते. म्हणून तीन सूचना करते. तिन्ही आपल्या आवाक्यातल्या आहेत.

एक. कोणत्याही कॉलेजच्या प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत विषय, शुल्क आणि नियम असतात. आपल्या पुस्तिकेला चार पाने आणखी जोडावीत आणि ती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी लिहावीत. त्यांत एस.टी.च्या वेळा, पास काढण्याची रीत, दाखल्यांची यादी आणि त्यांची अधिकृत शुल्के, खानावळींचे दर, जुनी पुस्तके मिळण्याची ठिकाणे, मुलींसाठी बसायच्या आणि स्वच्छतागृहाच्या जागा एवढे असावे. दुकानदाराची जाहिरात नको. विद्यार्थ्याचा अनुभव हवा. दरवर्षी पुढच्या वर्गाने ती तपासून नवी करावी.

दोन. राष्ट्रीय सेवा योजना गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये सुरू झाली. आपण तिच्या शिबिरासाठी सात दिवस एखाद्या खेड्यात जातो, रस्ता झाडतो, झाडे लावतो. ते काम चांगलेच आहे. पण ज्या खेड्यांत आपण जातो, तिथलीच मुले जून-जुलैत आपल्या फाटकाशी कागद हातात धरून उभी असतात. त्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा एक टेबल मांडून त्यांचे अर्ज तपासून द्यावेत. ही सेवा खेड्याचीच होईल, आणि तिला गाडीभाडेही लागणार नाही.

तीन. वर्गांचे वेळापत्रक जिथे लागते, त्याच फलकावर एस.टी.चे वेळापत्रकही लावावे आणि दोन्ही एकत्र वाचावीत. शेवटच्या गाडीपर्यंत एक खोली उघडी ठेवता आली, तीत चार बाकडी आणि एक पंखा असला, तर घाटावर ‘बसलेली’ मुलगी त्या खोलीत ‘अभ्यासाला बसलेली’ होईल. एवढ्या एका शब्दाच्या फरकाने तिचे दुसरे वर्ष वाचू शकते.

‘स्वदेस’ चित्रपटात शाळेत मुले यावीत म्हणून नायक गावात दारोदार फिरतो. ते चित्रण आपल्या मेणवलीत झाले. पाहुणे ते घर, तो वाडा, तो घाट शोधत येतात आणि आपण कौतुकाने दाखवतो. खऱ्या आयुष्यात मुलांना आणायला दारोदार जाणारा कोणी येत नाही. मुले स्वतःच येतात, पहाटेच्या गाडीने, दोन डोंगर ओलांडून. ती आल्यावर त्यांनी टिकावे कसे, एवढेच सांगायचे बाकी असते.

प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. त्याच्या आधी ही चार पाने तयार व्हायला हवीत. ज्यांना लिहायचे असेल त्यांनी मला ग्रंथालयात भेटावे. पश्चिम भागातल्या गाड्यांचे आणि अर्ध्या ताटाचे पान मी लिहिते. बाकीची तीन पाने तुम्ही घ्या.